चिचुंद्रीबाईंच्या घरचं

"ऐकलंस का गं? तुमच्या टाकीमागे कुणीतरी बिऱ्हाड केलंय."

घंटागाडीची वेळ. कंपाउंडच्या भिंतीच्या या बाजूला मी, त्या बाजूला काकू, दोघींच्या हातात कचऱ्याचे डबे. काकूंनी आवाज इतका खाली आणला की मला वाटलं, समोरच्यांनी सोसायटीला न सांगता भाडेकरू ठेवला.

"कोण हो काकू?"

"चिचुंद्री! काल रात्री मोरीतून वर आली, ओट्याखालून चिकचिक करत गेली ती थेट फ्रीजमागे. आणि येते तुझ्याच बाजूनं. मी बॅटरी मारून पाहिलंय."

गंगापूर रोडच्या आतल्या आमच्या रो-हाउसांत भिंत सामाईक, ड्रेनेज सामाईक, आरोप मात्र एकेकाच्या नावावर. मी म्हटलं, "येऊ द्या की. तुमच्याकडची झुरळं खाईल."

"आमच्याकडे झुरळं नाहीत," काकू म्हणाल्या. जरा जास्तच पटकन म्हणाल्या.

नानांना दुकानात पिटाळून त्यांनी उंदरांचा चिकट पुठ्ठाही आणवला होता. आज रात्री तो फ्रीजच्या तोंडाशी लावायचा आणि उद्याच्या घंटागाडीत पुठ्ठ्यासकट विषय संपवायचा, असा बेत.

"पण काकू, ती उंदीर नाही."

"नाही कशी? नाक ओढून लांब केलेला उंदीरच तो."

जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईसमोर असं बोलू नये. मी डबा खाली ठेवला. म्हटलं, उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, म्हणून तो दिसेल ते कुरतडतो: वायरी, साड्या, सातबाराचे कागद. चिचुंद्रीचे दात बारीक आणि टोकदार, किड्याचं कवच फोडायला केलेले. ती तुमच्या पैठणीच्या वाटेला जायची नाही. तिचं गणगोत म्हणजे अंगाचा चेंडू करून घेणारा तो काटेवाला हेजहॉग, आणि विलायतेत बागांतली माती उकरून ढीग घालणारा मोल.

"म्हणजे उंदराशी सोयरीक नाही?"

"जवळची तर मुळीच नाही. खरं सांगू? उंदीर चिचुंद्रीपेक्षा माणसाला जवळचा. सस्तन प्राण्यांची वंशावळ काढली तर उंदीर, ससे, माकडं आणि आपण एका फांदीवर. चिचुंद्री पलीकडच्या फांदीवर, वटवाघूळ, मांजर, गाय यांच्या पंगतीला."

आतून नानांचा आवाज आला, "तुझ्या माहेरच्यांबद्दल मला आधीच शंका होती." काकूंनी तिकडे दुर्लक्ष केलं. पण गाईचं नाव निघाल्यावर त्यांचा स्वर थोडा मऊ झाला, हे मी टिपलं.

"बरं, मग आहे तरी कशी ती? मी धड पाहिलीच नाही. वासच आधी आला."

काकूंचा हा प्रश्न मला चांगलाच ओळखीचा आहे. गल्लीत नवी सून आली की त्या हाच विचारतात: आहे कशी, वय किती, नवरा काय करतो, माहेर कुठलं. त्याच क्रमानं मी चिचुंद्रीबाईंचं सांगायला घेतलं.

अंगानं करडी, मखमली. डोळे टाचणीच्या माथ्याएवढे, आणि दृष्टी अगदीच अधू, म्हणून खोलीच्या मधोमध यायचं टाळते, भिंतीला अंग घासत पळते. नाक मात्र सतत हलतं; सगळा संसार नाकावर आणि मिशांवर. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत दहा ते पंधरा सेंटीमीटर, पुढे सहा-नऊ सेंटीमीटरची जाडसर शेपटी, तिच्यावर विरळ लांब केस. नर अंगापिंडानं मोठा, शंभर ग्रॅमपर्यंतही भरतो. बाई त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि तो वास? दोन्ही कुशींवर ग्रंथी असतात, त्यांचा. नराचा जास्त.

"म्हणजे तो घाण वास नवऱ्याचा!" काकूंचा चेहरा उजळला. "आणि नाव तिचं खराब."

"हो ना. मांजर तिला मारतं, पण तोंडात धरलं की टाकून देतं. गव्हाणी घुबडाला मात्र वासाचं काही वाटत नाही. ते खुशाल गिळतं आणि केस-हाडांची गोळी करून ओकून टाकतं. घुबडांच्या खाण्याचा अभ्यास करणारे लोक त्या गोळ्या फोडून चिचुंद्र्यांचे जबडे मोजत बसतात."

"तिळभांडेश्वर गल्लीतल्या आमच्या वाड्यात होतं पांढरं घुबड. आढ्यावर. खाली असल्या गोळ्या पडायच्या. आई मलाच झाडायला लावायची." काकूंनी नाक मुरडलं. "बरं, ते जाऊ दे. पोरंबाळं?"

आता आम्ही मुद्द्यावर आलो.

चिचुंद्रीचं लग्न सहज जमत नाही. नर जवळ आला की बाई आधी भांडते. फिसकारते, अंगावर जाते, चावायलाही कमी करत नाही. तो चिकाटीनं मागे मागे फिरत राहतो. मग केव्हातरी तिचा राग उतरतो आणि ती शेपूट डावी-उजवीकडे हलवायला लागते, तो होकार. हे सगळं शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत घड्याळ लावून टिपून ठेवलंय. उंदरांच्या माद्यांना ठरावीक दिवसांनी माजावर यायचं चक्र असतं, तसं हिला नसतंच. नराची संगत झाली की मगच तिचं अंडं सुटतं. त्याआधी शरीर उगाच तयारी करून बसत नाही.

"महिन्याच्या महिन्याला कटकट नाही म्हणतेस?" काकू क्षणभर गप्प झाल्या. "देवानं कुणाला काय द्यावं, काही हिशेबच नाही."

गर्भ राहिला की एक महिना. साधारण तीस दिवस. तेवढ्यात कागद, चिंध्या, वाळकी पानं ओढून आणून टाकीमागे, जोत्याच्या भेगेत, लाकडाच्या ढिगात घरटं तयार. नरही घरट्याला हातभार लावतो असं पाहणाऱ्यांनी लिहिलंय. काकूंना ही गोष्ट चिचुंद्रीबद्दलच्या बाकी सगळ्या माहितीपेक्षा जास्त आवडली आणि त्यांनी ती मुद्दाम आतल्या खोलीकडे तोंड करून पुन्हा म्हणून दाखवली. एका वेळी एक ते आठ पिल्लं, बहुतेकदा तीनेक. गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली. अडीच-तीन आठवड्यांत दूध सुटतं. आणि महिना-सव्वा महिन्याची झाली की मुलगी स्वतः आई व्हायला तयार.

"सव्वा महिन्याची?"

"छत्तीसेक दिवसांची."

"आपल्याकडे सव्वा महिन्यानं बाळंतीण न्हाऊन उठते गं. हिची पोर त्यात वयात येते!"

भाजीवाल्या मावशी दारात आल्या होत्या. त्यांनी पाटी उतरवली, मेथीच्या जुड्या मांडल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या. कुणाचं चाललंय हे त्यांनी विचारलं नाही. लेकीचं लवकर लग्न लावलेल्या कुठल्या तरी घरची गोष्ट आहे असं समजून त्यांनी "कलियुग आहे बाई" एवढंच म्हटलं.

"पण काकू, पोरं वाढवण्याची हिची तऱ्हा पाहिलीत का कधी? घरट्यावर संकट आलं, पाणी शिरलं, कुणी लाकडं हलवली, तर ही पिल्लांना घेऊन निघते. पहिलं पिल्लू आईच्या शेपटीच्या मुळाशी केस दातात धरतं, दुसरं पहिल्याचे, तिसरं दुसऱ्याचे. अशी ओळ लावून सगळी पळतात. कितीही घाई झाली तरी एक जण सोडत नाही. पुढच्याला उचललं तर मागचे सगळे लटकत वर येतात."

काकूंचा हात कठड्यावरच थबकला.

"अगं, ते मी पाहिलंय!"

मग त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. त्या परकरी असताना गंगेला मोठा पूर आला. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. बाहेरच्या माणसाला ते समजावून सांगायचं काम आम्ही केव्हाच सोडलंय.) पाणी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं, दहीपुलापर्यंत आलं, आणि वाड्याच्या जोत्यात ओल चढली. कोठीच्या खोलीत सरपणाचा ढीग होता. तो हलवताना खालून हातभर लांब, काळपट, वळवळतं काहीतरी निघालं आणि उंबऱ्याखाली गेलं. आजी "साप, साप" म्हणून ओरडली. चुलते काठी घेऊन आले. काकू मात्र म्हणत राहिल्या की सापाला पाय होते. पुष्कळ पाय होते. कुणी विश्वास ठेवला नाही. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

"पायवाला साप म्हणून मला पुढे चार-पाच वर्षं चिडवत होते सगळे," काकू म्हणाल्या. "तेव्हा तू कुठे होतीस?"

मी जन्मलेही नव्हते. पण काकूंची साक्ष पक्की आहे. चिचुंद्रीची ही रांग पाहून साप समजणारे जगभर आहेत, आणि अंधाऱ्या कोठीत ते चुकीचंही म्हणता येत नाही.

मेथी घेऊन झाली. मावशी पुढे गेल्या. काकूंनी एक जुडी निवडायला घेतली, म्हणजे बैठक लांबणार.

"आणि जगते किती?"

"दीड वर्ष. फार झालं तर अडीच. तेही सांभाळलं, खायला घातलं, मांजर-घुबडापासून वाचवलं तर."

काकूंनी बोटं मोजली. हिशेबाला त्या पक्क्या. बँकेत कॅशियर होत्या. मीही मोजलं. मागचा सिंहस्थ २०१५चा. एका सिंहस्थापासून दुसऱ्यापर्यंत बारा वर्षं. छत्तीस दिवसांत वयात येणं, तीस दिवसांत बाळंतपण, म्हणजे एका पिढीला दोन महिन्यांहून थोडे जास्त. बारा वर्षांत पासष्टेक पिढ्या. कागदावरचा हिशेब हा. खऱ्या मोरीत एवढी घाई कुणाला जमत नाही. तरी रामकुंडावर साधूंची पहिली मिरवणूक पाहिलेल्या चिचुंद्रीची पुढच्या कुंभात कुणाला आठवणही उरायची नाही, एवढं नक्की.

"मग एवढी पोरं जातात कुठे? गल्ली चिचुंद्र्यांनी भरली असती."

काकूंचा हा प्रश्न आमच्या वर्गात सहसा शेवटच्या बाकावरून यायचा, आणि तोच सगळ्यांत चांगला असायचा. जातात कुठे? घुबडाच्या पोटात, सापाच्या पोटात, कारखाली, गटाराच्या पुरात, आणि चिकट पुठ्ठ्यावर. पुष्कळ पोरं आणि छोटं आयुष्य ही दोन्ही एकाच हिशेबाची पानं आहेत. ज्याला उद्याची खात्री नाही तो आजच घर वाढवतो.

"हे तू मला सांगू नकोस. माझी सासू बारा भावंडांतली. त्यातली पाच उरली."

यावर मला काही बोलता आलं नाही. तेवढ्यात नाना चहा घेऊन बाहेर आले आणि विषय आपोआप परदेशात गेला, कारण नाना आले की तो जातोच. त्यांचा पुतण्या बर्लिनला असतो.

"तिकडे असतात का चिचुंद्र्या?" नानांनी विचारलं.

"असतात की. आणि आपलीच धाकटी जाऊ शोभेल अशी एक इटलीतली आहे." १८२२ साली पाओलो सावी नावाच्या पिसाच्या संशोधकानं तिची पहिली नोंद केली. इट्रुस्कन चिचुंद्री. आपल्या घरातलीच्या अगदी जवळची, शास्त्रीय नावात घराणं एकच, सुंकस. आणि तिचं वजन? दोन ग्रॅम. कधी त्याहूनही कमी. द्राक्षाच्या एका टपोऱ्या मण्यापेक्षा हलकी. शेपटी सोडून लांबी चार-पाच सेंटीमीटर. वजनाच्या हिशेबात जगातला सगळ्यांत लहान सस्तन प्राणी हाच. लांबीत मात्र थायलंडमधलं एक वटवाघूळ तिच्याशी भांडतं. १९७४ साली शास्त्रीय नोंद झालेलं, त्याची कवटी हिच्याहून छोटी.

"आणि इटलीतच असते?"

"नुसती इटलीत कशाला? भूमध्य समुद्राच्या काठानं पसरत पसरत भारतापर्यंत. आपल्याकडेही तिच्या नोंदी आहेत. पण दोन ग्रॅमची बाई तुमच्या पायाखालून गेली तरी तुम्ही झुरळ म्हणूनच चप्पल उचलाल."

"आमच्याकडे झुरळं..." काकूंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

इटलीवालीचं बाळंतपण सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांचं. दोन ते सहा पोरं. जन्मलेलं पिल्लू ग्रॅमच्या पाचव्या भागाएवढं, म्हणजे एका ग्रॅममध्ये पाच पोरं बसली. दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तीन आठवड्यांत दूध तुटतं. आयुष्य दोनेक वर्षं. पाळलेल्या काही थोड्या जास्त जगल्यात. आणि तिचं काळीज मिनिटाला पंधराशेपर्यंत ठोके देतं. सेकंदाला पंचवीस.

नानांनी आपल्या मनगटावर बोट ठेवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवलाय, त्यामुळे हा विषय त्यांच्या घरचा. "डॉक्टर मला शंभरच्या वर गेलं तरी ओरडतात," ते म्हणाले.

"तुमचं अंग मोठं आहे नाना. तिचं इतकं छोटं की आतल्या मांसाच्या मानानं कातडी फार. त्या कातडीतून ऊब सारखी निसटते. ती ऊब भरून काढायला सतत खावं लागतं, सतत पेटवत ठेवावं लागतं. दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट खाते. काही तास उपाशी राहिली तर संपली. अगदीच अन्न मिळेनासं झालं, थंडी पडली, तर अंगाचं तापमान बारा अंशांपर्यंत खाली आणून गुंगीत पडून राहते, आणि जमेल तेव्हा परत पेटते."

तुमच्या पुतण्याच्या बर्लिनमध्येच मिखाएल ब्रेख्त यांच्या प्रयोगशाळेत या बाईच्या शिकारीचं चित्रण झालंय, हेही सांगून टाकलं. काळोखात ती जवळजवळ स्वतःएवढ्या मोठ्या रातकिड्यावर झेप घेते. डोळ्यांनी नाही, मिशांच्या स्पर्शानं. मिशी लागल्यापासून चावा बसेपर्यंत सेकंदाचा अगदी लहानसा भाग जातो. नानांनी लगेच फोन काढून पुतण्याला व्हॉइस मेसेज पाठवला. त्यात चिचुंद्री, ब्रेख्त आणि "तू कधी येणार" हे तिन्ही विषय एका दमात आले.

सस्तन प्राण्यांत मोठ्याचं काळीज सावकाश आणि आयुष्य लांब, छोट्याचं काळीज घाईत आणि आयुष्य आखूड. गुणाकार केला तर आयुष्यभराचे ठोके पुष्कळांचे शंभर कोटींच्या आसपास येतात. माणूस तेवढा दुपटीनं-अडीचपटीनं पुढे जातो. काकूंना हे पटलं. "मोजून दिलेले श्वास म्हणतात ना, तेच झालं हे," त्या म्हणाल्या. शास्त्र तसं म्हणत नाही, पण भिंतीपाशी उभं राहून इतका बारीक वाद घालू नये.

"युरोपात हीच एक?"

"छे. उत्तरेला थंडीत राहणारी वेगळी घराणी आहेत. इंग्लंड, आयर्लंड, पोलंडकडे एक बुटकी आहे, पिग्मी श्रू. अडीच ते सहा ग्रॅम. तिच्या दातांची टोकं लाल, लोहामुळे. त्यानं दात लवकर झिजत नाहीत. आपल्या मंडळींचे दात पांढरे. तिचा जन्म उन्हाळ्यातला, पहिला हिवाळा ती अल्लडपणातच काढते, दुसऱ्या वसंतात दोन-तीनदा बाळंत होते, तीन आठवड्यांच्या गर्भातून चार-सात पोरं काढते, आणि दुसरा हिवाळा बघायला बहुतेक राहत नाही. पंधरा-सोळा महिने म्हणजे पिकलं पान."

आणि तिकडच्या या लाल दातवाल्यांची एक खोड आहे, ती काकूंना सांगावी की नाही याचा मी विचार केला. पण सांगितली. हिवाळ्यात त्यांचं डोकं लहान होतं. खरोखर लहान, कवटीच आटते, मेंदूही कमी होतो, आणि वसंत आला की पुन्हा वाढतो. आउगुस्ट देनेल नावाच्या पोलिश संशोधकानं १९४९ साली हे दाखवून दिलं, तेव्हापासून या आटण्याला त्याचंच नाव आहे. कारण पोटाचंच: मेंदू पोसायला महाग, आणि बर्फात किडे मिळत नाहीत. मग घर लहान करून दिवस काढायचे.

काकूंनी नानांकडे पाहिलं. नानांनी चहाच्या कपाकडे पाहिलं. डिसेंबरात निफाडकडे पारा घसरला की नाना किती वेंधळ्यासारखं करतात यावर त्या घरात पूर्वीही बोलणं झालेलं असावं.

विषय पालटायला नानांनी लक्ष्मी काढली. चिचुंद्री घरात फिरली की पैसा येतो, असं त्यांच्या ऑफिसातले उत्तरेकडचे सहकारी म्हणायचे. हे तिकडेच नाही. चिनी लोकही हिला पैशाचा उंदीर म्हणतात, हिचा आवाज त्यांना नाणी खुळखुळल्यासारखा ऐकू येतो. तमिळ घरांत तर गणपतीचं वाहन उंदीर नव्हे, मूंजूरू, म्हणजे हीच. आपल्या मखरात जो चकचकीत मूषक बसतो त्याचं तोंड एकदा नीट पाहा म्हटलं, कुणाकडे जास्त जातंय. किपलिंगनंही मुंगसाच्या गोष्टीत एक चुचुंद्रा घातलाय, रडका, खोलीच्या मधोमध येण्याचं धाडस नसलेला. तो इंग्रज जन्मला मुंबईत, १८६५ला, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, भिंतीकडेनं पळणारी ही मंडळी त्यानं लहानपणी पाहिली असणारच. पण रडकी? ती रडकी नाही. सतत बोलते, एवढंच. बोलण्याला रडणं समजणं ही पुरुषांची जुनी खोड.

"आणि जपान्यांचं एक सांगते काकू. कसारा घाटात तुम्हाला लागतं ना?"

"इगतपुरी आली की लिंबू हातात."

"उंदराला ओकताच येत नाही. म्हणून तर उंदरांचं विष चालतं, गिळलं की आत गेलं. चिचुंद्रीला मात्र ओकता येतं. तिला हलत्या पेटीत ठेवून झुलवलं तर तिला गाडी लागते, अगदी तुमच्यासारखी. जपानी संशोधकांनी १९८०च्या दशकात हे लिहिलं, आणि तेव्हापासून उलटीवरच्या औषधांच्या अभ्यासात ही बाई कामाला आली. कॅन्सरच्या उपचारात जी मळमळ होते, तिच्यावरच्या औषधांसाठीसुद्धा."

काकू थांबल्या. त्यांच्या बहिणीचे उपचार गेल्या वर्षी झाले. ती औषधं, त्या गोळ्या, त्यांनी स्वतः घड्याळ लावून दिल्या होत्या. मेथीची काडी हातात तशीच राहिली. मग म्हणाल्या, "चिचुंद्रीला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"तेच म्हणते."

आता तिला डोक्यावर घेऊन नाचायचंही कारण नाही, आणि ते मी सांगितलंच. चिचुंद्रीच्या अंगावर पिसवा असतात. नाशिकच्या जुन्या माणसांना पिसवांचं नाव काढलं की प्लेग आठवतो. भगूरला सावरकरांचे वडील १८९९ला त्यातच गेले. त्याच्या आदल्या वर्षी कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं उंदरापासून माणसापर्यंत रोग पिसू आणते हे ओळखलं होतं, पण ते लोकांना पटायला वर्षं लागली. काकूंची आजी सांगायची, घरात उंदीर पडला की भांडी तशीच टाकून मळ्यात झोपडी बांधायची. तेव्हा मेलेली चिचुंद्री असो की उंदीर, उघड्या हातानं उचलायचा नाही. पिशवी हाताला गुंडाळून, आणि नंतर साबणानं हात. पीठ, खरकटं उघडं ठेवायचं नाही, कारण ती किड्यांवर जगत असली तरी ताटातलं मटण सोडत नाही. कोंबडीची पिल्लं असतील तर तीही.

"मग करायचं काय? राहू द्यायची?"

"यायचा रस्ता बंद करा. मोरीच्या जाळीची भोकं मोठी आहेत तुमच्या, मी पाहिलंय. बारीक जाळी बसवा. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावा. आत आली असेलच तर दिवे घालवा, मागचं दार उघडा, भिंतीच्या कडेचा रस्ता मोकळा ठेवा. ती भिंत धरून आपोआप बाहेर जाईल. अंगणात राहिली तर झुरळं, रातकिडे, गोम सगळं साफ करेल. आणि तो पुठ्ठा नको काकू. त्यावर ती मरत नाही, चिकटून राहते, ओरडत. कदाचित टाकीमागे तिची तीन पोरं असतील. प्राणी कल्याण मंडळानंही या पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना लिहिलंय."

"आणलाय ना पण. नव्वद रुपये गेले." कॅशियर जागी झाली होती. "दुकानदार परत घेईल?"

"फोडला नसेल तर घेईल. आणि कुणी चिकटलंच कधी, पाल, चिमणी काहीही, तर ओढायचं नाही. गोडेतेल लावायचं थोडं थोडं, गोंद सुटतो."

घंटागाडी वळणावर आली होती, गाणं ऐकू येत होतं. काकूंनी मेथीचे देठ डब्यात टाकले आणि आत हाक मारली, "अहो, तो पुठ्ठा पाकिटातच आहे ना?"

नाना मधल्या वेळेत केव्हातरी कप ठेवायला आत गेले होते. आतून उत्तर यायला वेळ लागला.

"पुठ्ठा ना? हो. म्हणजे... तू जरा आत ये. आणि येताना तेल आण."

"काय झालं?"

"चप्पल."

काकूंनी डबा माझ्या हातात दिला, "माझा पण टाक गं," म्हणाल्या आणि दारापर्यंत जाऊन वळल्या. "शेंगदाण्याचं लागतं का गं त्याला? का पामतेलानं भागेल?"